'नऊ खिंडी'ची नवी आवृत्ती घ्यावी का?

ग्राफिक्स

आधी दिसण्याबद्दल. डोंगरातल्या ट्रकचालकाचा 'नऊ खिंडी' हा गेम जुना झाला होता. तो बनवणाऱ्यांनी आता घासूनपुसून पुन्हा विकायला काढलाय. देश तोच, कल्पनेतला. रस्तेही तेच, मनाला येईल तिकडे वळावं असे मोकळे. पण पूर्वी जिथे धुकं होतं तिथे आता लांबचं शिखर दिसतं. डबक्यात आभाळ दिसतं. चहावाल्याच्या मिशीचा एकेक केस

मिशीत अडकायला मला वेळ नाही. बिश्केकमधल्या एका छोट्या संकेतस्थळासाठी मी गेमची परीक्षणं लिहिते. हे परीक्षण शनिवारच्या आत द्यायचंय आणि शनिवारी आम्हाला कोचकोरला जायचंय. आईला जाऊन वर्ष झालं. तिच्या माहेरी तिचा अश आहे, वर्षाचं जेवण. माझे वडील, आके, म्हणतात की गाडी तेच चालवणार.

हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. डावा हात काही दिवस लुळा होता, मग हळूहळू परत आला. डॉक्टरांचं म्हणणं, बहुधा चालवतील, घरच्यांनी बघून ठरवा. घरचे म्हणजे मी. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, पण मला चालवता येते ती पडद्यावरचीच गाडी. आके ती मागत नाहीत. टायरमध्ये हवा बघितलीस का, एवढंच रोज विचारतात.

तर हे परीक्षण दोन गोष्टींचं आहे. वाचकांनी आपल्या कामाची तेवढी घ्यावी.

चालवण्याचा अनुभव

आके जन्मभर नारिनच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवत होते. आई शेजारी बसून भाडं गोळा करायची. ती गेल्यावर गाडी अंगणातच राहिली. मग हा झटका. हाताला व्यायाम म्हणून माझ्या भावाने, तिलेकने, मॉस्कोहून गेमचं स्टिअरिंग पाठवलं. ते जेवणाच्या टेबलाला घट्ट बसवलं, समोर टीव्ही, आणि आके 'नऊ खिंडी'त माल पोचवू लागले. जुन्या आवृत्तीत. एक ओरखडा नाही. मी मागे उभी राहून बघायची आणि जिवात जीव यायचा.

पण जुनी आवृत्ती फार मायाळू आहे. स्टिअरिंग सोडून दिलं तरी ट्रक रुळावरून जावा तसा सरळ जातो. नवीचा सगळा डांगोरा याच बाबतीत आहे: रस्त्याला उतार, वाऱ्याचा धक्का, हातातलं चाक ओढ घेतं. मला वाटलं, हीच परीक्षा खरी. त्यांना तसं सांगितलं नाही. परीक्षणासाठी एका जुन्या ड्रायव्हरचं मत हवंय म्हटलं.

"जुन्याला काय झालं होतं?" आके म्हणाले.

"लोक विचारतात, नवा घ्यावा का."

"तेच डोंगर पुन्हा विकतात? आणि लोक घेतात?" त्यांनी टोपी चढवली. घरात. "बरं. बघू काय दुरुस्ती केलीय."

पहिल्या खिंडी त्यांनी लोण्यातून सुरी फिरावी तशा पार केल्या. डावा हात छान चालत होता. मग एक साधा, सरळ रस्ता आला. वळण नाही, समोरून कोणी नाही. ट्रक हळूच उजवीकडे सरकला, सरकत राहिला आणि दरीत गेला.

मी वळून बघितलं. आके चेहऱ्यावरून हात खाली घेत होते. लाज वाटली असेल म्हणून मी पुन्हा पडद्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच रस्त्यावर. आणि त्यापुढे आणखी एका गावाबाहेर. अवघड जागी सगळं नीट, सोप्या जागी दरी. मला वाटलं, असंच होणार. लक्ष असेपर्यंत हात ऐकतो, लक्ष सुटलं की तो मरतो. खऱ्या रस्त्यावर सोप्या जागाच तर जास्त असतात.

आवाज

नव्या आवृत्तीत इंजिनाचा आवाज बोगद्यात घुमतो, बाहेर आला की

तिलेकचा फोन. त्याला मी दरीचं सांगितलं होतं, सांगायला नको होतं.

"एजे," ताईला आमच्यात एजे म्हणतात, "किल्ली दिलीस ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"एरवी फार बोलतोस."

गाडी आणि ड्रायव्हर भाड्याने घे म्हणाला. मी म्हटलं, बायकोच्या अशला, सासरवाडीला, आके मागच्या सीटवर बसून जातील? तिथले सगळे जावई अंगणात उभे असतील, कोण कशातून उतरतंय ते बघत. तिलेक म्हणाला, मागच्या सीटवरून उतरलेले परवडले, दरीतून वर काढलेले नकोत. मग त्याने आवाज खाली आणला. जुना गेम त्यांना जमत होता, तोच राहू द्यायचा होतास, म्हणाला. वरून रंग मारलेला तोच गेम आणून म्हाताऱ्याला कशाला घाबरवलंस?

"घाबरले ते नाहीत," मी म्हटलं. "मी घाबरलेय."

यावर त्याने फोन ठेवला. नव्या आवृत्तीतल्या आवाजाबद्दल मला एवढंच लिहिता आलं.

दोष

गाडी पुन्हा पुन्हा एकाच जागी कोसळत असेल तर परीक्षक आधी गेमवर संशय घेतो. मीही घेतला. आके दुपारी झोपल्यावर त्या सरळ रस्त्यावर मी स्वतः ट्रक चालवला. सावकाश, जोरात, पावसात, बर्फात. रस्त्यात काही खोट नव्हती. मीसुद्धा त्यावरून गात गात जाऊ शकत होते. गेमचा एखादा दोष सापडावा म्हणून इतकी आस मला आयुष्यात कधी लागली नव्हती.

शुक्रवारी मी ओळखीच्या एका ड्रायव्हरला फोन केला. उद्या सकाळी येतो म्हणाला. आकेंना कसं सांगायचं याचा विचार करत मी स्वयंपाकघरात अशसाठी बोरसोक तळायला घेतले. पिठाचे चौकोन तेलात फुगत होते. दार उघडं होतं. तिथून टीव्ही दिसत नाही, आके तेवढे बाजूने दिसतात.

आणि मी पहिल्यांदाच आकेंकडे बघत होते. इतके दिवस पडदा बघत होते. परीक्षक पडदाच बघतो.

आके टोपी घालून बसले होते. दोन्ही हात चाकावर, डावा उजव्याइतकाच घट्ट. मग त्यांनी दोन्ही हात उचलले. तळवे छातीपुढे उघडले, ओठ हलले आणि तळवे चेहऱ्यावरून सावकाश खाली आले. ओमिन, आमची दुआ. टीव्हीतून ट्रक गडगडत गेल्याचा आवाज आला.

मी पिठाच्या हातांनी धावले. पडदा दरीत होता. मी गेम थोडा मागे नेला. त्या सरळ रस्त्याच्या कडेला, टेकडीच्या उतारावर, कबरी होत्या. लोखंडी कठडे, मातीचे घुमट, घुमटांवर चंद्रकोरी. जुन्या आवृत्तीत तिथे तपकिरी दगडांचा एक ढीग होता, बस. नव्यात काय ते स्पष्ट दिसत होतं. 'रस्त्याकडेचा तपशील वाढला आहे' असं मी स्वतःच लिहून ठेवलं होतं.

"आके, तुम्ही हात सोडता."

"कबरस्तान आहे."

"ते गेममधलं आहे."

"म्हणून काय झालं? त्यातली माणसं मेलेली नाहीत?"

मला हसू आलं. ते पुरतं यायच्या आतच उद्याचा रस्ता आठवला. कोचकोरच्या वाटेवर किती कबरस्तानं आहेत ते प्रत्येकाला माहीत आहे.

"आणि खऱ्या गाडीत काय करता?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी स्वतःच्याच घराची वाट विचारलीय.

"खऱ्या गाडीत तुझी आई धरायची."

मी लहानपणी मागे झोपलेली असायचे. मला हे दिसलंच नव्हतं. आई शेजारून डावा हात लांब करायची, चाक धरायची, यांचा ओमिन व्हायचा, मग ती सोडायची. जन्मभर. ना तिने कधी सांगितलं, ना यांनी.

"एका हाताने करा ना," मी म्हटलं.

"एका हाताने माणूस टॅक्सी थांबवतो, पोरी. देवाकडे एका हाताने कोण मागतं?"

म्हणजे हात बरा होता. मला हायसं वाटायला हवं होतं. ज्याची भीती होती ते खोटं निघालं आणि त्याच्या जागी दुसरं येऊन बसलं. हात बिघडला असता तर किल्ली न द्यायला कारण मिळालं असतं. हा तर चांगला हात स्वतःहून सुटत होता.

तेलातले बोरसोक करपल्याचा वास आला. मी आच बंद केली, हात धुतले, खुर्ची ओढून आकेंच्या उजवीकडे, गाडीत आई बसायची त्या बाजूला, बसले आणि पुन्हा सुरू करा म्हटलं.

पहिल्या वेळी मी उशीर केला. दरी. दुसऱ्या वेळी वेळेत धरलं, पण चाक इतकं ओढेल असं वाटलं नव्हतं. बाहेरून बघताना कळत नाही. दरी.

"तुझी आई लांबूनच तयार असायची," आके म्हणाले. "कबरी दिसायच्या आधी."

"आईला रस्ता पाठ होता."

"मग कर पाठ."

पुढच्या वेळी ट्रक पार गेला. ते पुढच्या गावाला निघाले. मी उठून ड्रायव्हरला फोन केला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. तिलेकला केला नाही.

निर्णय

संकेतस्थळावर शेवटी एवढंच छापून आलं: जुनी आवृत्ती चालवणाऱ्याला सांभाळून घेते, नवी घेत नाही. कोणाला काय हवं ते ज्याचं त्याने बघावं. खाली वाचक चिडले. गुण किती ते सांगा, म्हणाले.

गुण मला शनिवारपर्यंत देता येत नव्हते. शनिवारी आम्ही आमचं तोकमोक सोडलं. माझ्या मांडीवर बोरसोकचा डबा, डावा हात डब्यावर नुसता ठेवलेला, पण तयार. आके कमी बोलत होते, नीट चालवत होते. पहिलं कबरस्तान आलं, मी धरलं, त्यांनी ओमिन केला, चाक परत घेतलं. बोओमच्या घळीत नदी खाली फेसाळत होती आणि वरच्या अंगाला कबरी. धरलं. परत घेतलं. माझी बोटं ताठ झाली होती.

कोचकोरच्या अलीकडे टेकडी येते. आईची टेकडी, तिची कबर असलेली. रस्ता तिथे सरळ आहे, अगदी सोपा. समोरून पेंढ्याच्या गाठींनी लादलेला ट्रक येत होता.

मी लांबूनच धरलं. आकेंनी हात सोडले. तळवे उघडले, ओठ हलले, तळवे चेहऱ्यावर गेले आणि तिथेच राहिले.

रस्ता उजवीकडे ओढत होता. मी चाक माझ्यापासून दूर लोटून धरलं. समोरचा ट्रक मोठा होत गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी हलली, तो गेला. डबा मांडीवरून घसरला. तळव्यांमागे आके काय करत होते ते मी बघितलं नाही, माझी नजर रस्त्यावर होती. टेकडी संपली, पहिलं घर आलं, कुंपणावर वाळत घातलेली सतरंजी, आणि माझ्या बोटांशेजारी त्यांची बोटं येऊन टेकली.

"सोड," आके म्हणाले. "तुझी आई इतकं आवळत नसे."