भिवराबाईची म्हैस आणि चंद्रकलेची भूक

गेवराईच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून त्रिंबकराव दिवसभर लोकांचे अर्ज सरकारी भाषेत, म्हणजे उर्दूत लिहायचे आणि घरी आले की मराठीत कादंबरी. कादंबरी अजून सुरू व्हायची होती म्हणा. पण आराखड्याच्या सहा वह्या भरल्या होत्या. नायिका चंद्रकला. मुख चंद्रासारखं, चाल हंसाची आणि दर दुसऱ्या प्रकरणात मूर्च्छा.

एका सकाळी त्यांनी चार प्रकरणांचा बेत बायकोला वाचून दाखवला. सत्यभामाबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या.

"अवो, हिला भूक लागती का न्हाई?"

"कुणाला?"

"चंद्रकलेला. चार प्रकरणं झाली, बाईनं घोटभर पाणी पिलं न्हाई. मूर्च्छा येईल न्हाई तर काय होईल?"

त्रिंबकराव रागारागानं पागोटं चढवून निघाले. पण प्रश्न काही घरी राहिला नाही, कचेरीपर्यंत सोबत आला.

तिथं तलवाड्याची भिवराबाई वाट बघत बसली होती. उंच, हाडापेरानं मजबूत, डोक्यावरचा पदर दातात धरून. शेजारच्या म्हाळूच्या म्हशीनं तिची ऐन हुरड्यातली ज्वारी खाल्ली होती. तिनं म्हैस स्वतःच्या दारात आणून बांधली, तर म्हाळू गावभर सांगत सुटला, भिवरानं म्हैस चोरली.

"ज्वारी बघून तुम्हाला मूर्च्छा आली?" त्रिंबकरावांनी आशेनं विचारलं.

"मूर्च्छा यायला येळ कुठं व्हता? म्हैस हाकायची व्हती."

"मग रडलात?"

"म्हैस बांधली, धार काढली, मग रडले जरासं. उगं भरलं दूध सांडून कशाला रडावं?"

"दूध तुम्हीच घेतलंत?"

"म्हाळूच्या आईला धाडते रोज. म्हातारीला दमा हाय. भांडण लेकाशी हाय, तिच्याशी न्हाई."

त्रिंबकरावांच्या हातातला बोरू थांबला. आणि मग त्यांच्या अंगात जणू वारंच शिरलं. तिनं म्हशीला नाव ठेवलं का? ठेवलं, म्हाळसा, म्हाळूला राग यावा म्हणून. रागात ती काय खाते? ठेचा. नवरा काय म्हणतो? तो भिऊन शेतातच ऱ्हातो. विचारता विचारता दुपार कलली, मागं अर्जवाल्यांची रांग लागली, आणि रांगेतली माणसंही भिवराबाईला प्रश्न विचारू लागली. एकानं तर तिच्या नवऱ्याची बाजू घेऊन वाद घातला. अर्ज अर्ध्या पानाचा व्हायचा, तो साडेचार पानांचा झाला. त्यात ठेचा होता, दमा होता, म्हशीच्या डोळ्यांतला भावसुद्धा होता.

पेशकारांनी तो तहसीलदारांपुढं वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर तहसीलदारांनी हातातला विडा खाली ठेवला. तिसऱ्यावर कारकून दारात जमले. धार काढण्याच्या जागी पेशकारांनाच हसू आवरेना, तेव्हा कागद पुढच्या कारकुनाकडं गेला, त्याचीही तीच गत झाली.

"या बाईला आणि त्या म्हाळूला उद्याच बोलवा," तहसीलदार डोळे पुसत म्हणाले. "दोघांना बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही."

दुसऱ्या दिवशी निकाल झाला: म्हाळूनं काटेरी कुंपण घालावं आणि कणसांच्या बदल्यात भिवराबाईला ज्वारी द्यावी, तिनं म्हैस सोडावी. म्हाळूनं दोन्ही मान्य केलं आणि तो थेट लिंबाखाली आला. त्रिंबकराव मनातून हादरले.

"अर्जनवीससाब, अर्ज ऐकला म्या. तुमी मला लई बारीक लिवलंय," म्हाळू म्हणाला. "माझ्या मिशा कुठं हायत त्यात? अन् आईच्या औषधासाठी मी नारायणगडापतूर चालत गेलतो, ते कुनी सांगितलं न्हाई तुमाला?"

"नाही. सांगा ना, बसा," त्रिंबकराव म्हणाले आणि गडबडीत दौत कलंडवून बसले. भिवराबाई म्हैस सोडायला निघाली होती, तीही ऐकायला थांबली आणि तिनं दोनदा म्हाळूची चूक दुरुस्त केली.

त्या आठवड्यात चंद्रकलेच्या सहाही वह्या त्रिंबकरावांनी नव्यानं मांडल्या. तिचं वर्णन खोडलं. तिला एक शेजारी दिला, एक हट्ट दिला, दात दुखायला दिला. शेवटच्या प्रकरणात ती विहिरीत उडी घेणार होती. आता काठावर उभी राहून ती दुसऱ्या बाईशी, पोहरा नीट बांधत नाहीस म्हणून, भांडू लागली आणि उडी घेईचना.

"घेणारच नाही ती," त्रिंबकराव चुलीपुढं पोरासारखे हसत म्हणाले. "मी तिला तीनदा सांगून बघितलं."

सत्यभामाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मग जेवून घ्या आधी," त्या म्हणाल्या, "आन् ती कशावरून भांडली ते बैजवार सांगा."