तीनशे मजल्यांची खिंड

सुनेने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून त्याच्या कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली, तेव्हाच लिफ्टकाकांनी ओळखलं की आपला पत्ता कट होणार.

चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सगळी इमारत लिफ्टकाका म्हणत असे. सून शाळेत खेळाची शिक्षिका. घरातही तिच्या गळ्यात शिट्टी असायची. मुलगा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस बायकोसमोर स्वतःचं तोंड काही उघडत नसे.

बेत झकास होता. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात चार दिवस पायी भटकायचं, तंबूत झोपायचं, तलावात होडी वल्हवायची आणि तिसऱ्या दिवशी खिंड चढायची. परवानगीचा अर्ज पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. त्यावर तीन नावांची जागा होती. दोन नावं लिहून झाली होती.

"खिंडीचा चढ केवढा आहे?" काकांनी विचारलं.

"नऊशे मीटर, बाबा."

"म्हणजे तीनशे मजले. होईल की."

मुलगा हसला. "बाबा, तुमचं सगळं आयुष्य लिफ्टमध्ये गेलं. हे चालायचं काम आहे."

काकांना जायचं होतं. इतकं मनापासून जायचं होतं, की नवे बूट त्यांनी केव्हाच आणून पलंगाखाली दडवले होते आणि रोज दुपारी दार लावून ते घालून ते खोलीत फेऱ्या मारत होते. खालच्या मजल्यावरची बाई दोनदा तक्रार घेऊन आली होती.

सून कडक होती, पण अन्यायी नव्हती. "परीक्षा घेऊ," ती म्हणाली. "पाठीवर नऊ किलो, तळमजल्यापासून चौदाव्या मजल्यापर्यंत, दोन वेळा. सावकाश चढा, पण थांबायचं नाही. थांबला तो घरी."

"आणि तुझी परीक्षा?"

"मी रोज मैदानावर असते, बाबा."

मुलगा आदल्या दिवशीच पास झाला होता आणि तेव्हापासून जिना आडवा, खेकड्यासारखा उतरत होता.

रविवारी सकाळी सुनेने शाळेतले गोळाफेकीचे दोन गोळे, एक चार किलोचा आणि एक पाचाचा, टॉवेलात गुंडाळून सॅकमध्ये भरले. काकांनी बूट बाहेर काढले. शिट्टी वाजली. काका जिन्याने निघाले आणि सून लिफ्टने. प्रत्येक मजल्यावर ती उतरायची, काका समोरून गेले की वहीत बरोबरची खूण करायची आणि पुन्हा लिफ्टमध्ये शिरायची.

पहिली फेरी सहज झाली. दुसऱ्या फेरीत चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबताना खर्र असा आवाज आला. काकांचे कान टवकारले. ब्रेक घासतोय. 'असेल,' त्यांनी मनाला समजावलं, 'आपण निवृत्त झालो. आपल्याला काय त्याचं?' पाचव्याला आवाज वाढला. सहाव्याला लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबली. उरले फक्त आठ मजले. काका स्वतःशीच चरफडले. आयुष्यभर कधी न बिघडलेली ही बया आजच बिघडायची होती!

सातव्याला लिफ्ट चार बोटं खाली थांबली. सून बाहेर आली, खूण केली आणि परत आत जायला वळली.

काका थांबले. त्यांनी सॅक उतरवली आणि लिफ्टच्या दारात आडवी टाकली. दार सॅकवर आपटलं आणि उघडंच राहिलं.

"आत जाऊ नकोस. ब्रेक गेलाय."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "बाबा, दम लागला तर सरळ सांगा ना. नाचता येईना, अंगण वाकडे!"

"दम नाही लागला. आवाज ऐक."

"मला काहीच ऐकू आलं नाही." तिने वहीत लिहिलं, 'सातवा मजला. थांबले.' काकांनी वाद घातला नाही. ते खाली जाऊन लिफ्टचा मुख्य स्विच बंद करून आले. मग खोलीत जाऊन त्यांनी बूट काढले, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. जिन्याने वर यंत्राच्या खोलीत जाऊन अर्ध्या तासात परतला. "ब्रेक पार झिजलाय," तो सुनेला म्हणाला. "लिफ्ट बंद कुणी केली? वाचलात. शनिवारपर्यंत जिना वापरा."

सुनेचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण नियम मोडणं तिच्या रक्तातच नव्हतं. "बाबा," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "शुक्रवारी सकाळी परत परीक्षा घेऊ."

"लिफ्ट तर बंद आहे. खुणा कशा करणार?"

"मी तुमच्याबरोबर चढते." आणि मग स्वाभिमान आड आला. "तेवढंच वजन घेऊन."

शाळेतून आणखी दोन गोळे आले. शुक्रवारी दोघं निघाली. सुनेने पहिल्या तीन मजल्यांत काकांना मागे टाकलं. सहाव्यावर दोघं बरोबर होती. पहिली फेरी संपली तेव्हा तिची शिट्टी पाठीवर गेली होती. दुसऱ्या फेरीत काका आपल्या चालीने पुढे होते, एका पायरीला एक श्वास.

"बाबा," नवव्यावर ती धापा टाकत म्हणाली, "आयुष्यभर लिफ्टमध्ये राहून तुम्हाला दम कसा लागत नाही?"

"लिफ्ट चालू असताना मला कधी कुणी बोलावलं का?" काका म्हणाले. "जिथे गेलो, तिथे ती बंदच. यंत्राची खोली सगळ्यात वर. चाळीस वर्षं हत्यारांची पेटी घेऊन जिनेच चढलो."

सुनेकडे बोलायला श्वासच उरला नव्हता. अकराव्या मजल्यावर तिचे पाय थांबले. कठडा धरून ती वाकून उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं, की थांबला तो घरी. हा नियम आपलाच.

काका वरच्या पायऱ्यांवर जागच्या जागी पाय हलवत होते. थांबायचं नव्हतं ना!

"लिहा वहीत," ती कशीबशी म्हणाली. "अकरावा मजला. थांबली."

"थांबलीस कुठे?" काका म्हणाले. "तुला कसलातरी आवाज आला असणार. नीट ऐकून घे. मी आहे इथे."

संध्याकाळी अर्ज गेला. तिसऱ्या ओळीत काकांचं नाव होतं. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, की वाटेत सर्वांत पुढे कोण चालणार. तिथे आधी लिहिलेलं स्वतःचं नाव सुनेने खोडलं होतं.