मोजकीच माणसं

“मावशी, तुम्हाला हृषीच्या लग्नाला नाही बोलवता येणार,” मंजुषा एका दमात बोलून गेली.

रमामावशी दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला नाही. “बरं,” त्या म्हणाल्या.

“मंदिराचं सभागृह लहान आहे. त्यांची वीस माणसं, आपली वीस. हृषी म्हणतो, ताई, सादगीने करू. एका दिवसात पैसा उडवण्यापेक्षा पुढे संसाराला कामी येईल.”

“ठीकच तर बोलतो. आजकाल लोकं काय फालतू खर्चा करतात.” मावशींनी सूप बाजूला ठेवलं. “तू इतकं तोंड पाडून नको बसू, बेटा. मी कोण, शेजारीण. चाय पिऊन जा.”

शेजारीण हा शब्द त्यांनी अगदी सहज उच्चारला, पण मंजुषाला तो चहाबरोबर गिळता आला नाही. आई गेली तेव्हा तिचा भाऊ हृषीकेश सहा वर्षांचा होता आणि ती एकवीसची. वडील त्याच्याही आधी गेलेले. महिन्याभरात ती इंदोरच्या बड़ा गणपतीजवळच्या एका गल्लीत, फॉल-पिकोच्या दुकानात मशीनवर बसायला लागली. शाळेतून येणाऱ्या पोराला दार उघडायला, गरम पोळी वाढायला ही शेजारीणच होती. त्याला टायफॉइड झाला तेव्हा आळीपाळीने दोघी जागल्या होत्या. तो मावशींना ‘रममा’ म्हणायचा.

निघताना मावशींनी एक लहानशी डबी तिच्या हातात ठेवली. आत चांदीची जोडवी होती. “सुनेला दे. माझ्याकडून म्हणून सांगितलं नाही तरी चालेल.”

पायऱ्या उतरताना मंजुषा स्वतःला समजावत राहिली. हृषीकेशचं म्हणणं खरं होतं. सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत तो नोकरीला होता, पगार बरा होता, पण नवा फ्लॅट घेतला होता, त्याचे हप्ते होतेच. होणारी बायको अनुष्का त्याच्याच ऑफिसात. जवळच्याच महूची मुलगी, वडील फौजेतल्या नोकरीतून निवृत्त झालेले. दोनदा घरी येऊन गेली होती, आवडीने जेवली होती, ताई ताई करून मागे मागे फिरली होती. “त्यांना पण साधंच पाहिजे, ताई,” हृषीकेश म्हणाला होता, आणि मंजुषाला ते ऐकून बरं वाटलं होतं.

मग काटकसर कुठे कुठे करायची हे शोधण्यात ती रमली. बँड नको. फुलं पहाटे मंडईतून आणायची. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी साधा वरणभात, पुरी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड. स्वतःसाठी नवी साडी घ्यायची नाही, आईचीच जांभळी नेसायची. सगळ्यात जड गेलं ते माणसं गाळणं. दुकानातल्या बायका, गल्लीतली घरं, जिथे जिथे हृषीकेश लहानपणी जेवला-झोपला होता ती सगळी दारं. प्रत्येक दारात जाऊन तिने स्वतः सांगितलं. त्यांना नुसतं कळवायचंच नाही, हे तिला जमलं नसतं.

लग्न पुढच्या आठवड्यावर आलं असताना दुकानात एक बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, नीटनेटक्या, हातात मोठी पिशवी. “भैया, अर्जेंट है,” त्या दुकानाचे मालक अर्पितभियांना म्हणाल्या. अर्पितभियांनी पिशवी मंजुषाकडे सरकवली. “जीजी, देख लो जरा.”

मोतिया रंगाची, भरगच्च जरीची साडी होती. काठ चिमटीत धरून मंजुषा स्वतःशीच पुटपुटली, “याला मशीन नको. हातानेच लावावा लागेल फॉल.”

“अय्या, मराठी का तुम्ही!” बाईंचा चेहरा उजळला. “बरं झालं, बाई. आमच्या महूचा टेलर हमेशा गडबड करतो.” त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसल्याच.

“घरात लग्न आहे वाटतं?”

“पुतणीचं. अनुष्काचं. मी तिची काकू, वसुंधरा. नवरामुलगा इथलाच, इंदोरचा. दोघं एकाच ऑफिसात आहेत, सुपर कॉरिडॉरला.”

मंजुषाचा हात काठावरच राहिला. ती बोलणारच होती, अहो, मी मुलाची बहीण. ओठांवर हसूसुद्धा आलं होतं. पण काकू थांबल्या नव्हत्या.

“लग्न सकाळी मंदिरात लावायचंय. पण ते काय, नुसतं नावाला. असली फंक्शन संध्याकाळी आहे, बायपासच्या मॅरेज गार्डनमध्ये. तीनशेच्या वर लोकं आहेत. त्याचे ऑफिसवाले, दोस्त, आमच्याकडचे सगळे. खर्चा मुलगा आणि आम्ही मिळून करतोय. ही साडी तेव्हासाठीच. संध्याकाळी लाइटमध्ये उठून दिसेल ना?”

“दिसेल,” मंजुषा म्हणाली. “मग सकाळचं वेगळं कशाला?”

“त्याच्या बहिणीसाठी हो.” काकूंनी आवाज खाली आणला, जिव्हाळ्याने. “मोठी बहीण आहे एक. तिनेच वाढवलं म्हणतात. पण तिला गर्दी, थाटमाट काही सहन होत नाही. तिचं स्वतःचं लग्न जमलं नाही ना, तर दुसऱ्याचं लग्न पाहिलं की डोकं फिरतं तिचं. रडते, ओरडते. म्हणून तिला संध्याकाळचं कळूच द्यायचं नाही असं ठरलंय. आम्ही बोललो, चला, तिच्या समाधानासाठी सकाळी करून टाकू.”

“हे तुम्हाला कोण बोललं?”

“कोण म्हणजे? मुलगाच. आमच्या बैठकीत बसून सांगत होता बिचारा. डोळे भरून आले होते त्याचे. इतका समजूतदार मुलगा आजकाल कुठे मिळतो?”

काकू परवा येते म्हणून निघून गेल्या. मंजुषाने साडी मांडीवर घेतली आणि सुईत दोरा ओवला.

एकदा देवासचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, शाळेत शिकवायचा. त्याने सरळ विचारलं होतं, भावाचं काय करणार? तिनेही सरळ सांगितलं होतं, बरोबर आणीन. चहा संपवून ते लोक उठले आणि परत आले नाहीत. तेव्हा हृषीकेश आतल्या खोलीत गणितं सोडवत बसला होता. मध्ये नुसता पडदा होता. त्या रात्री जेवताना त्याने विचारलं होतं, “ताई, माझ्यामुळे?” ती हसून म्हणाली होती, “चल हट. मलाच नाही आवडला.”

त्याला सगळं ठाऊक होतं.

तिने टाका बारीक घातला, काठावर कुठे दिसणार नाही असा. अर्पितभिया मध्येच म्हणाले, “जीजी, तबियत ठीक नहीं क्या? घर चले जाओ.” तिने मान हलवली आणि साडी पुरी केली.

हृषीकेश संध्याकाळी घरी आला, हातपाय धुऊन ताटावर बसला. तिने पहिली पोळी वाढली आणि समोर बसली.

“हृषी, बायपासच्या गार्डनला संध्याकाळी किती वाजता आहे रे?”

त्याचा घास हातातच राहिला. कोणतं गार्डन, असं त्याने विचारलं नाही. “कोण बोललं तुला?” असं विचारलं.

“अनुष्काची काकू. माझ्याकडे साडी घेऊन आली होती फॉल लावायला. तिला माहीत नव्हतं मी कोण ते.”

“ताई, सुन तो. मी सांगणारच होतो.”

“केव्हा?”

“ते लोकं वेगळे आहेत, ताई. बेंगलोरहून आमचे मॅनेजर येणार आहेत, सगळे इंग्लिशमध्ये बोलणारे. तू बोअर झाली असती. कोणाशी काय बोलली असती तू?”

“मी ह्याची बहीण. इतकंच बोलली असती. ते मराठीत बोललं तरी समजतं लोकांना.”

त्याने ताट जरा पुढे सरकवलं.

“आणि माझं डोकं फिरतं?” तिने विचारलं. “मी ओरडते?”

“ते दोन फंक्शन का, म्हणून विचारत होते. काहीतरी तर सांगावं लागतं ना. निकल गया मुंह से.” मग घाईने, जणू हे तरी तिला पटेल म्हणून तो म्हणाला, “त्यांच्या मनात तुझ्याबद्दल वाईट नाही आलं, ताई. उलट त्यांना हमदर्दी वाटली.”

मंजुषाने त्याच्याकडे पाहिलं. त्याला तिची लाज वाटते, एवढंच असतं तर तिने समजून घेतलं असतं. लहानपणी तिलाही वडिलांच्या ठिगळ लावलेल्या पिशवीची लाज वाटायची, त्यांच्याबरोबर बाजारात जायचं ती टाळायची. पण त्याने तिच्या आयुष्यातली एकच गोष्ट उचलली होती, जी त्याच्यापायी झाली होती, आणि तीच परक्या बैठकीत नेऊन मांडली होती. वर रडलाही होता.

“जेव,” ती म्हणाली. “आणि ऐक. सकाळचं लग्न माझ्यासाठी आहे ना? तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय ना तसं? मग सकाळी माझी माणसं येतील. तू मोजायची नाहीस.”

“अगं पण हॉल छोटा आहे. मावतील का?”

“उभी राहतील.”

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून सुट्टी घेतली आणि त्या सगळ्या दारांत पुन्हा एकदा जाऊन आली. रमामावशींकडे सर्वांत आधी गेली. “मावशी, तुम्ही यायचंय. पहिल्या रांगेत बसायचंय,” ती म्हणाली. मावशींनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. “पुऱ्या लाटायला किती बायका लागतील, ते सांग,” एवढंच म्हणाल्या. बाकीच्या घरांतही फारसं कोणी काही विचारलं नाही. एकीने पातेली देऊ केली, एकीने सतरंज्या. अर्पितभियांनी सांगितलं की त्या दिवशी दुपारपर्यंत दुकान बंद राहील.

लग्नाच्या सकाळी सभागृह भरलं, दाराबाहेरच्या पायऱ्या भरल्या, खाली चपलांचा ढीग लागला. महूची वीस माणसं कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मागे करवली म्हणून मुलाकडची एखादी लहान मुलगी उभी करू, असं गुरुजींनी सुचवलं, तर रमामावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, “त्याची बहीण आहे ना.” मंजुषा आईची जांभळी साडी नेसून, हातात दिवा घेऊन भावाच्या मागे उभी राहिली. मंगलाष्टकं चालू असताना तिने समोर पाहिलं. वसुंधराकाकू तिच्याकडेच बघत होत्या. अक्षता धरलेली त्यांची मूठ तशीच अर्धवट वर राहिली होती.

लग्न लागल्यावर त्या गर्दीतून वाट काढत आल्या. “तुम्ही... म्हणजे त्या दिवशी दुकानात...”

“फॉल नीट बसला ना?” मंजुषाने विचारलं. “नेसायच्या आधी एकदा हलकी इस्त्री फिरवा.”

काकूंनी तिचा हात धरला.

शेजारी अनुष्काची आई उभी होती. तिला दुकानातल्या भेटीचं काहीच माहीत नव्हतं. ती मोकळेपणाने म्हणाली, “ताई, किती छान वाटतंय इतकी माणसं बघून! आम्हाला तर हृषीकेश बोलले होते, तुम्हाला गर्दी अजिबात चालत नाही.”

आजूबाजूचे चार-सहा चेहरे वळले. रमामावशींनी मान वर केली. हृषीकेश हार घालून तिथेच उभा होता. त्याने मंजुषाकडे पाहिलं. शाळेतून तक्रार आली की असाच बघायचा तो, आणि दर वेळी ती पुढे होऊन म्हणायची, घरीच काम होतं सर, मीच थांबवलं होतं त्याला.

“मी असं कधी बोलले नाही,” मंजुषा म्हणाली. “का बोलला, ते त्यालाच विचारा.”

आवाज चढवला नाही तिने. पंगतीला पुरी कमी पडत होती, ती परात घेऊन वाढायला गेली. मागे वळून पाहिलं नाही, तरी तिला कळलं की अनुष्का नवऱ्याला काहीतरी विचारते आहे.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तो घरी आला. सूट चढवलेला, केस बसवलेले. दारातच उभा राहिला.

“ताई, चल. अनुष्का बोलली, ताईंना घेतल्याशिवाय येऊ नकोस. गाडी खाली उभी आहे.”

“मी नाही येत.”

“मी तिला सगळं खरं सांगितलं. तिच्या मम्मीला पण. सॉरी, ताई.” त्याचे डोळे खरंच भरले होते. “चूक झाली माझी.”

“बरं.”

“बरं काय? काही तर बोल. ओरड माझ्यावर.”

“मी ओरडत नाही, हृषी.”

खालून कोणीतरी हॉर्न वाजवला. “आजपासून फ्लॅटवरच राहू आम्ही,” तो म्हणाला. “माझं सामान रविवारी येऊन नेईन.”

“ने. येण्याआधी फोन कर.”

या घरात यायला त्याला कधी फोन करावा लागला नव्हता. तो मान खाली घालून वळला.

“आणि चाबी ठेवून जा,” ती म्हणाली.

त्याने खिशातून जुडगा काढला. बाइकची, ऑफिसच्या ड्रॉवरची, नव्या फ्लॅटची, आणि या दाराची जुनी पितळी किल्ली. जुडग्याची कडी घट्ट होती. त्याचं नख तिच्यात शिरेना. दोनदा जुडगा हातातून निसटला. असं काही अडलं की तो न बोलता वस्तू तिच्यापुढे धरायचा, गळ्यातल्या ताइताचा दोरा असो, दप्तराचा बंद असो. आताही त्याचा हात सवयीने पुढे आला. मंजुषा तशीच उभी राहिली. त्याने हात मागे घेतला आणि पुन्हा खटपट करायला लागला. बोट लाल झालं, तेव्हा कुठे किल्ली सुटली. ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. शेवटी त्याने ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

“गाडी हळू चालवायला सांग,” ती म्हणाली. “बायपासला ट्रक फार असतात.”

त्याने मान हलवली आणि जिना उतरून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गल्लीच्या वळणावर गेला. बाहेर अजून चांगलं ऊन होतं आणि समोरच्या घरात कोणीतरी मोठ्याने हसत होतं. मंजुषाने दार लोटलं आणि आतून कडी लावली.