घाटातला रविवार

लोणी भापकरची मनिषा महाबळेश्वरच्या सायकल स्पर्धेसाठी सराव करत होती. गावाकडचे रस्ते सपाट, दमवणारा चढ कुठं नव्हताच. म्हणून एका रविवारी ती दिवे घाटात गेली. मागून नवरा रविराज पिकअप घेऊन येत होता, शेजारी सासू भागूबाई बसलेली.

निम्म्या घाटात मनिषाचे पाय भरून आले. ती उतरली आणि सायकल ढकलत चालू लागली.

"बस गाडीत, सायकल टाकतो मागं," रविराज म्हणाला.

तिनं नको म्हटलं. तेवढ्यात भागूबाई गाडीतून उतरली. तरुणपणी मेंढरांमागं ती असे कितीतरी घाट चढली होती.

"आत्या, तुमी कशाला?"

"बसून अंग आखडलंय. चल तू."

दोघी चालत राहिल्या. चढ जरा कमी झाल्यावर मनिषा पुन्हा सायकलवर बसली आणि माथ्यावर पोचली. वाटलं होतं तसा आनंद काही झाला नाही. भूक मात्र सडकून लागली.

भाकरी खाता खाता ती रविराजला म्हणाली, "पुढच्या रविवारी गाडी खालीच ऱ्हाऊ द्या."

स्पर्धेत ती दोनदा उतरली, चालली, आणि वेळ संपायच्या आत पोचली.