ठेव म्हणून आलेली त्राटिका

जव्हारच्या कला संग्रहालयाला गेले आठ महिने दोन डोकी होती, आणि दोन्ही डोक्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं.

एक डोकं तुळशीदास सरांचं. सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. बंद पडलेल्या भातगिरणीत त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी हे संग्रहालय उभं केलं, जीपला लोंबकळत गावोगाव हिंडून बोहाड्याचे, म्हणजे चैत्रातल्या सोंगांच्या उत्सवाचे, मुखवटे गोळा केले. सत्तरी उलटल्यावर विश्वस्तांनी त्यांना 'संस्थापक-मार्गदर्शक' असं लांबलचक पद दिलं आणि संचालकाची खुर्ची मोकळी करायला सांगितलं. सरांनी पद घेतलं, खुर्ची सोडली नाही.

दुसरं डोकं प्राजक्ता मॅडमचं. शेजारच्या मोखाड्याच्या, तलाठ्याची मुलगी. बडोद्याला शिकून आणि मुंबईत कलादालन चालवून आलेल्या नव्या संचालक. केबिन मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी दालनाच्या मधोमध टेबल टाकलं आणि त्याला 'खुलं कार्यालय' म्हणायला सुरुवात केली.

या दोघांच्या मध्ये नोंदवही घेऊन बसायची पुष्पा. पोशेऱ्याची लेक, जव्हारची सून, पहिल्या दिवसापासून संग्रहालयाची नोंदणी लिपिक. वस्तूंची नोंद वहीत आणि माणसांची डोक्यात, अशी तिची पद्धत. सर दिवसातून सरासरी अकरा वेळा 'माझं संग्रहालय' म्हणत. मॅडम चौदा वेळा 'संवाद' म्हणत, सोमवारी जास्त. दोघांचा चहा मात्र एकाच टपरीवरून, एकाच गाळणीतून यायचा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

भांडण मुखवट्यांच्या दालनावरून होतं. मॅडमना तिथे आजच्या पोरापोरींचं काम लावायचं होतं: दाभोशाच्या जगनने ताडपत्रीवर रंगवलेली धरणं, खोडाळ्याच्या एका मुलीने खताच्या गोण्या शिवून केलेला डोंगर. मुखवटे शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयाला कायमचे द्यायला त्या निघाल्या होत्या. सर म्हणत, मुखवटा हलला तर माझी तिरडीच हलली समजा.

गुरुवारी विश्वस्तांची बैठक होती. सोमवारी पुष्पाचा धाकटा भाऊ लहान्या पोशेऱ्याहून जीपने आला आणि थेट सात नंबरच्या काचेपुढे उभा राहिला. आत त्राटिका होती. लाल जीभ, कपाळावर पिवळे पट्टे, डोळे असे की बघणाऱ्यानेच आधी नजर खाली घ्यावी.

बोहाड्यात एकेक सोंग एकेका घराचं असतं. रावण एकाचा, भीम दुसऱ्याचा; त्राटिका पुष्पाच्या माहेरची. आणि गावचा कायदा असा, की लागोपाठ दोन बोहाडे सोंग नाचलं नाही आणि तिसऱ्याच्या वाटपालाही घरचं माणूस मुखवटा घेऊन आलं नाही, तर मान दुसऱ्या घरी जातो.

"बाय, दोन वरसं झाली," लहान्या काचेकडे बघतच म्हणाला. "पयल्या वर्षी काच नवी बसवली म्हनून नाय दिली. गेल्या वर्षी काय म्हनाले तुझे सर?"

"हवेत दमटपणा आहे म्हणाले."

"चैतात?"

चैत्रात दमटपणा नसतो हे पुष्पालाही कळत होतं. दोन्ही वर्षं तिनेच भावाला समजावून परत पाठवलं होतं. सरांनी आपल्याला नोकरीला लावलं, सरांचा शब्द राखावा, असं तिचं गणित. त्या गणितात बापाच्या घराचा मान वजा होत होता, हे तिच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

"औंदा तिसरा, शनवारी वाटप," लहान्या म्हणाला. "वरल्या पाड्याचा लाडक्या तर गावभर सांगत हिंडतोय, त्राटिका मी नाचवनार. कंबरेचा घागरासुदिक शिवून घेतलाय."

"तू जा. मी बघते."

"तू दोन वरसं बघतेच हायेस," असं म्हणून लहान्या निघून गेला. टोमणा बरोबर बसला होता, म्हणून पुष्पाला राग आला नाही.

मंगळवारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "पुष्पा, वहीत पाचव्या रकान्यात सगळीकडे 'ठेव' लिहिलंय. ते खोडून 'संस्थेची मालकी' कर. म्हणजे विश्वस्तांच्या ठरावाशिवाय ही बाई मुखवटे बाहेर काढू शकणार नाही. एका रेघेचं काम."

बुधवारी मॅडमनी तिला टेबलाशी बसवलं, स्वतः उठून खुर्ची दिली. "पुष्पाताई, आपल्यात संवाद असायला हवा. पाचव्या रकान्यात 'ठेव' आहे ना, तिथे 'संस्थेची मालकी' असं हवं. नाहीतर मुखवटे त्या संग्रहालयाला देता येणार नाहीत. मी शब्द देऊन बसलेय. तुमचा करारही या महिन्यातच नवा करायचाय ना?"

आठ महिन्यांत ज्यांचं भिंतीच्या रंगावरही जमलं नाही, त्या दोघांना एकाच रकान्यात तेच दोन शब्द हवे होते. पुष्पाला हसू आलं. मॅडमना वाटलं, ती राजी आहे. कराराच्या कागदावर दोघांचीही सही लागायची. म्हणजे एकाला नाही म्हटलं तर अर्धी नोकरी जाणार होती आणि दोघांना म्हटलं तर पूर्ण. ती घरी गेली, कपाट उघडून लुगडं काढलं, आईचं, जाड काठांचं, आणि पिशवीत भरून ठेवलं.

गुरुवारी अध्यक्ष धोंडीअण्णांनी दोघांचं पाऊण तास ऐकून घेतलं. अण्णा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, ऐकण्याची सवय असलेले. शेवटी त्यांनी चष्मा पुसला.

"मला एकच सांगा. मुखवटे आहेत कुणाचे?"

"संस्थेचे," सर आणि मॅडम एकदम म्हणाले, आणि दचकून एकमेकांकडे बघायला लागले.

"वही आणा."

पुष्पा उभी राहिली. "क्रमांक एक. रावण. ठेव. बोहाड्याला घरच्यांना द्यायचा. सही तुळशीदास. क्रमांक दोन. भीम. ठेव. बोहाड्याला घरच्यांना द्यायचा. सही तुळशीदास." तेवीस मुखवटे होते. आवाज न चढवता, न थांबता ती वाचत राहिली. सातव्याला, त्राटिकेलाही, ती थांबली नाही. नवव्याला सर म्हणाले, "कळलं, बस झालं."

"सर, अर्धी नोंद वाचायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

तिने तेवीसही वाचले आणि वही सरांपुढे ठेवली. सरांनी पान जवळ ओढलं. पंधरा वर्षांपूर्वीचं अक्षर ताठ होतं, गोलाई सांभाळणारं. दारोदार हात जोडून 'तुमचं सोंग नीट सांभाळतो' म्हणणाऱ्या माणसाचं अक्षर.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "शब्दही माझाच. मीच विसरलो."

मॅडमनी ओठ आवळले. शहरात त्यांना आता मान खाली घालावी लागणार होती. पण त्या मोखाड्याच्या होत्या. बोहाडा त्यांनीही बापाच्या खांद्यावर बसून बघितला होता. "मग मोठ्या संग्रहालयाला मी नाही म्हणून कळवते," त्या म्हणाल्या. "मुखवटे बोहाड्यासाठी आपापल्या गावी असतील तेवढे दिवस माझ्या चित्रकार पोरापोरींना भिंती द्या. परत आले की शेजारी शेजारी लावू."

"आणि केबिन?" अण्णांनी विचारलं.

"केबिनचं बघू," सर म्हणाले. माणूस एका दिवसात किती सुधारणार.

पुष्पाच्या कराराचा विषय कुणी काढला नाही. तिने स्वतःच काढला आणि तिथल्या तिथे दोघांच्या सह्या घेतल्या.

शनिवारी दुपारी पोशेऱ्यात आंब्याखाली माणसं जमली होती. सोंगं वाटून देण्याचा मान जिवाबाबांचा. एकेक नाव घेत ते त्राटिकेवर आले. "त्राटिका दोन वरसं निजलीय. कुनाच्या घरात घालायची?"

लाडक्या उठलाच होता. तेवढ्यात वळणावर जीप थांबली आणि पुष्पा उतरली. आईच्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी तिने दोन्ही हातांवर धरलं होतं. लहान्या लुगडं ओळखून उठून उभा राहिला.

"आमच्या घरची हाय," पुष्पा म्हणाली. "आणलीय."

सगळे वळले. सासरी गेलेल्या लेकीने या बैठकीत बोलायची रीत नव्हती.

"लेक बोलते?" जिवाबाबांनी विचारलं.

"जव्हारपासून लेकीच्या मांडीवर बसून आलीय, बाबा. मग दुसरं कोन बोलनार?"

म्हातारा हसला, पुढचे दोन दात नसलेलं हसू. त्याने लुगडं बाजूला सारलं, मुखवटा उलटा करून दोऱ्या ओढून बघितल्या आणि लहान्यापुढे धरला. "बांध."

लहान्याने बांधला. एक पाऊल आपटलं, मान झटकन फिरवली, आणि भर उन्हात त्राटिका उभी राहिली. पुढे बसलेली पोरं किंचाळत मागे पळाली. आयांनीसुद्धा जागा बदलली. पुष्पा तेवढी हलली नाही. तिची मान ताठ होती आणि डोळे भरून आले होते. ते पुसायचं तिच्या मनातही आलं नाही.

लाडक्या घरात गेला आणि लाल घागरा घेऊन आला.

"घे रं," तो लहान्याला म्हणाला. "तुझ्याच कंबरेला बरा दिसंल. शिलाई मात्र चांगली हाय, नाचताना फाडू नको."