जातो की येतो

मी मातीची पाटी. तळहाताएवढी, उजवी कड उडालेली. मेसोपोटेमियातल्या नदीकाठच्या गाळातून मला कुणीतरी मळलं, ओली असतानाच बोरूनं अंगावर खुणा टोचल्या आणि उन्हात ठेवून दिलं. लिहिणारा घाईत असावा, त्याच्या अंगठ्याचा ठसा माझ्या पाठीवर अजून आहे. पुढे शहर मोडलं, मी ढिगाऱ्याखाली गेले. वर आले तेव्हा माझी भाषा बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

माझ्यावर एका महाकाव्याचा शेवट आहे. गोष्ट दोन भावांची. थोरला मृत्यूच्या वेशीपाशी पोचलाय, धाकटा त्याचा हात सोडत नाही. थोरला एकच शब्द बोलतो. आमच्याकडे जाण्याला आणि येण्याला क्रियापद एकच. शेवटी एक बारीक खूण जोडली की 'जातो'चं 'येतो' होतं. आणि नेमकी तिथेच माझी कड उडालेली. नशीब माझं.

संग्रहालयाच्या तळघरातल्या टेबलावर मला पहिल्यांदा नीट वाचलं ते बाबांनी. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. हल्ली त्यांच्या खुर्चीत तीच बसते. बाबांना कडेपाशी त्या खुणेचं टोक दिसलं आणि त्यांनी अर्थ लावला, 'येतो'. तेव्हा त्यांची बायको नुकतीच गेली होती. दवाखान्यात जाताना दारातून 'येते हं' म्हणाली होती. हे पुस्तकांत कुठून येणार? पुस्तकांत एवढंच आलं, की या काव्यात मरणारा परत येण्याचं वचन देतो. त्यावर व्याख्यानं झाली, मोठमोठे अर्थ निघाले. मी आपली गप्प. सांगणार कुठल्या तोंडानं?

तिथे खूण नव्हतीच. तो तडा आहे.

मागे या काव्याची नवी आवृत्ती काढायची ठरली, तेव्हा मुलीनं दिवा आडवा धरून मला पाहिलं. तिरक्या उजेडात तडा पार खालपर्यंत गेलेला दिसला. तिनं भिंग बदललं, चष्मा पुसला. तडा तो तडाच. मग ती कपाळाला हात लावून बसली. बाबांची नजर जवळजवळ गेली होती, जेवण तुटलं होतं, आणि डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन काय ते सांगून टाकलं होतं. त्या एका शब्दावर तर ते तगून होते.

हट्ट धरून बाबा एकदा आलेच.

"काय म्हणतोय गं माझा थोरला?"

"येतो म्हणतोय. तुम्ही वाचलंत तेच."

"नीट बघितलंस ना? माझी मुलगी म्हणून सांगू नकोस."

"नीट बघितलं, बाबा."

"दे जरा इकडे."

त्यांनी मला तळव्यावर घेतलं. अंगठ्याचं नख कडेवरून फिरलं, तड्यात शिरलं, हळूहळू बुडापर्यंत गेलं आणि थांबलं. नका हो चाचपू, असं मला ओरडावंसं वाटलं. मातीला कुठला आवाज?

"छान," एवढंच म्हणून त्यांनी मला परत दिलं. काठी घेतली. दारापाशी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू काम कर. शिपाई सोडेल मला गाडीपर्यंत. जातो मी."

"असं म्हणू नये, बाबा. येतो म्हणा."

"असू दे. थोरल्यानं तसंच म्हटलंय ना."

ती दारातच उभी राहिली.

बाबा परत आले नाहीत. छापखान्यातून सारखी विचारणा होते, त्या ओळीचं काय करायचं? आज उद्या करत ती चालढकल करते. सकाळी आली की मला कापसातून उचलते, दिवा आडवा धरते आणि त्या तड्यात खूण शोधत बसते. सगळं माहीत असून शोधते. तिचे डोळे भरून येतात आणि मी नुसती तिच्या हातात पडून असते.

नाही गं पोरी, तिथे काही नाही. खूण असती, तर बाबांच्या नखाला लागू दिली नसती का मी?