पोरीच्या वाट्याचे दाणे

मी एक होला बोलतोय. गळ्याची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न शब्द खरा आहे. माझा जन्म जोग्या शहरातल्या राजवाड्यात झाला. म्हणजे राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. आता शपथच घेतली आहे म्हणून सांगतो, बांतुल गावाजवळ एका भातगिरणीच्या मागे, पत्र्याच्या खोलीत माझं अंडं फुटलं. पण गिरणीसमोरचा रस्ता राजवाड्याकडे जातो, हे कुणी नाकारून दाखवावं.

आमच्या जातीची किंमत गळ्यात असते. बाकी अंगावर राखाडी पिसं आणि पोटावर रेघा, बस्स. आम्ही 'हुर्र केतेक' म्हणतो आणि शेवटी 'कुंग' सोडतो. तो 'कुंग' तांब्याच्या घंटेसारखा घुमला, तर माणसं मोटारसायकल विकून होला घेतात. माझा घुमायचा.

पार्यादीने तो ऐकला आणि मला घरी आणलं. तो विटांचा ट्रक चालवायचा. घरात बायको रुस्मियाती, सगळ्यांची रुस, दोन वर्षांची किनांती आणि माजघरात त्याची म्हातारी आई. सगळे तिला म्बोक, म्हणजे आई, म्हणत. पार्यादीने अंगणात उंच बांबू रोवला, कप्पी बसवली आणि रोज सकाळी माझा पिंजरा आभाळात चढवायला लागला. मी गायचो. तो खाली उकिडवा बसून, डोळे मिटून ऐकायचा. ट्रकचा मालक हाका मारून थकायचा.

रुसने काही वर्षं सोसलं, मग पोरीला घेऊन माहेरी गेली. धर्मन्यायालयाने काडीमोड दिला आणि पोरीच्या पोटापाण्यासाठी दर महिन्याची रक्कम ठरवून दिली. पार्यादीने मान डोलावली. मान तो फार सुरेख डोलवायचा. सुरुवातीला पैसे पोचलेही. मग माझ्यासाठी सागवानी कोरीव पिंजरा आला, आणि पैसे पोचायचे थांबले.

मला काळा चिकट तांदूळ, राळे, अंड्याचा बलक. आंघोळीला विड्याच्या पानांचं कोमट पाणी. मला पडसं झालं तर शहरातून पक्ष्यांचा डॉक्टर यायचा. किनांतीला ताप आला तर निरोप जायचा, 'आल्याचा काढा द्या.'

एकदा रुस दारात आली. शाळेबाहेर तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळून विकायची ती, हाताला तेलाचा वास.

"पार, पोरीचे बूट फाटलेत."

"पुढच्या महिन्यात. हा सोलो शहरातली गाण्याची स्पर्धा मारणार बघ!"

"गेल्या खेपेला क्लातेनची मारणार होता."

"तिथे वारा उलटा होता."

रुसने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "याला बलक," ती म्हणाली, "आणि माझी पोर शाळेत उपाशी बसते. एक कर, तिला पण पिंजऱ्यात घाल."

मी त्या वेळी बलकच खात होतो. थांबायला हवं होतं. थांबलो नाही. चांगला लागत होता.

मग एका सकाळी पार्यादीने दोरी ओढायला घेतली, मी निम्म्यावर पोचलो, आणि दोरी थांबली. खाली पाहिलं तर तो बांबूच्या बुडाशी आडवा झाला होता, छाती धरून. माणसं धावली, रडली, त्याला आत नेलं. मी दुपारपर्यंत तसाच अधांतरी लोंबकळत राहिलो. माझी आठवण कुणाला व्हावी आणि कशाला व्हावी?

आमच्याकडे तिरडी खांद्यावर उचलली की गावचे धर्मविधी करणारे पाक मोदिन, पाक म्हणजे आदराने काका, गावाला विचारतात, "हा माणूस चांगला की वाईट?" गाव म्हणतं, "चांगला!" असं तीनदा. मग ते म्हणतात, "याचं कुणाला देणं राहिलं असेल तर माफ करा. माफ करवत नसेल तर घरच्यांना सांगा." सगळे जमिनीकडे बघून "माफ, माफ" पुटपुटतात. टपरीवाला पुटपुटतो, त्याची उधारी असली तरी. तिरडी उभी असताना तोंड उघडायचं नाही, ही इथली रीत.

त्या दिवशी मागच्या रांगेतून आवाज आला, "माफ नाही."

रुस होती. पदराला किनांती, आता अकरा वर्षांची.

पार्यादीचा थोरला भाऊ सुतर्जो, रुसचा 'कांग' म्हणजे मोठा दादा, तिरडीच्या पुढच्या दांड्याखाली होता. तिथूनच दबक्या आवाजात म्हणाला, "रुस, इथे नको."

"मग कुठे, कांग? घरी आले होते तर तुम्ही सगळे झोपलेले निघालात. भर दुपारी."

"अगं, लोक बघतायत!"

"म्हणून तर."

म्बोक कळवळली. "पोरी, माझं लेकरू खांद्यावर आहे गं."

"म्बोक, तो चांगलाच होता. मीसुद्धा तीनदा 'चांगला' म्हटलं, हवं तर शेजारणीला विचारा. पण पोरीचं देणं बुडवून गेला तो. बूट, वह्या, दोन वेळचं जेवण. माझं असतं तर सोडलं असतं. तिचं मी कोण सोडणार?" मग ती मोदिनकडे वळली. "पाक, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. उत्तर नको होतं तर विचारायचं कशाला?"

पाक मोदिननी तीस वर्षं तो प्रश्न विचारला होता, उत्तर पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी टोपी नीट केली. "देणं डोक्यावर घेऊन मेलेल्याला वाट सापडत नाही. सुतर्जो, तुम्ही पत्करता का?"

"पोरगी वारस आहेच की. तिला वाटा मिळेल."

"आधी देणं, मग वाटा," रुस म्हणाली.

तिरडीखालची माणसं खांदे बदलत होती. ऊन चढलं होतं. सुतर्जो गावासमोर "नाही" कसं म्हणणार? "पत्करतो," तो म्हणाला, आणि पार्यादी एकदाचा पुढे सरकला.

सातव्या दिवसाची प्रार्थना झाली, गोड चहा फिरला, आणि रुस मोदिनना घेऊन ओसरीवर बसली. किनांतीला पुढच्या शाळेत घालायचं होतं. पैसे मिळाले नाहीत तर तिला बाटिकच्या कापडांच्या कारखान्यात मेण लावायला पाठवावं लागणार होतं.

"ठेवलंय काय त्याने?" सुतर्जोने हात पसरले. "घर म्बोकचं. मोटारसायकल हप्तेवाले घेऊन गेले. राहिला हा होला. आणि तोही मुका झालाय. ने हवं तर, रस्सा कर."

मुका झालो होतो, खरं आहे. त्या सकाळपासून गळ्यातून हवा निघायची, आवाज नाही.

पण मोदिन वस्ताद. त्यांनी पाक दार्सोनोला बोलावलं होतं, होल्यांचा मोठा व्यापारी. त्याने मला हातात घेतलं, चोच पाहिली, पंख ताणले, टिचकी वाजवली. मी गप्प. "मुक्याचे दोन कोंबड्यांएवढे देईन," तो म्हणाला. रुसने ओठ चावला. किनांती पायरीवर बसून अंगठ्याने माती उकरत होती. तिच्या पायात चपलासुद्धा दोन वेगळ्या होत्या.

मला गायचंच होतं. एवढी वर्षं जे गिळलं ते परत करायची ती एकच संधी होती. जीव एकवटला. फुस्स! अपराधीपणाने गळा मोकळा होत नाही, उलट आवळतो, हे मला तेव्हा कळलं.

मग दार्सोनोने आपल्या गाडीतून स्वतःचा होला काढला आणि माझ्याच बांबूवर, माझ्याच दोरीने वर चढवला. तो मेला वरून घुमला. माझ्या अंगणात! असा काही संताप आला म्हणता, सगळी पिसं उभी राहिली, आणि गळ्यातून 'कुंग' सुटला. पुन्हा सुटला. म्बोक आतून रडत बाहेर आली. दार्सोनोच्या हातातला चहा सांडला.

"हा मुका?" तो सुतर्जोला म्हणाला.

"मला काय माहीत! माझ्यासमोर गायला नाही."

"अशा गळ्यासाठी मी गाडीसुद्धा ठेवून जाईन."

त्याने गाडी दिली नाही, पण जे दिलं त्यात पोरीचं देणं जवळजवळ फिटलं. उरलेलं रुसने मोदिनसमोर हात जोडून सोडलं. "आता माफ," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली. निघताना किनांती पिंजऱ्यापाशी आली, गजांतून बोट घालून माझी मान खाजवली आणि म्हणाली, "जा, तुलाही माफ."

आता मी दार्सोनोकडे म्हातारा होतोय. 'कुंग' फाटलाय. तो मला साधे राळे घालतो, मी तक्रार करत नाही. किनांती शाळेत जाते, असं तेंपे घ्यायला जाणारा गडी सांगतो. तुमच्या अंगणात कुणी गात असेल, तर जरूर ऐका. फक्त त्याच्या वाटीतलं कुणाच्या ताटातून आलंय, एवढं एकदा बघा.

शपथ घेतली होती, म्हणून शेवटचं सांगून टाकतो. तिरडी खरी, संताप खरा, बलक तर फारच खरा. पण किनांती पिंजऱ्यापाशी आली, हे मी रचलं. ती आली नाही. आईच्या सायकलवर मागे बसली आणि गेली. मी गातच होतो. तिने मान वर केली नाही.